मागे राजमाची, पुढे आपली माणसं

जुलै-ऑगस्टात लग्न ठरलेली जोडपी फोटोग्राफरला घेऊन खंडाळ्याला येतात ती बहुतेक एकाच फोटोसाठी. राजमाची पॉइंटच्या कठड्याशी दोघांनी उभं राहायचं, मागे हिरवी दरी आणि दरीपलीकडे श्रीवर्धन नि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले. प्रत्यक्षात त्या दिवशी कठड्यापलीकडे काहीच नसतं. धुकं इतकं दाट, की दरी आहे हे लोक सांगतात म्हणून मानायचं. भाजलेलं कणीस खाऊन, चिंब भिजून मंडळी घरी जातात आणि चार दिवसांनी स्टुडिओत फोन येतो, "दादा, मागे तेवढा किल्ला टाकून द्या ना."

टाकता येतो. पण टाकलेला दिसू नये यासाठी काय करावं लागतं, ते लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत हे काम करणाऱ्या नव्या पोरांना कुणी नीट सांगत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर हौसेने करणाऱ्यांना तर नाहीच.

माणूस कापून सुटा करणं हे एके काळी कसबाचं काम होतं. पेन टूल घेऊन केसांच्या कडेकडेने फिरण्यात अख्खी दुपार जायची. आता फोटोशॉप असो, फुकट मिळणारं गिम्प असो, ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी असो की मोबाइलमधलं एखादं ॲप, कटिंग बरंचसं आपोआप होतं. तरी चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आणि लग्नाच्या अल्बममध्ये चिकटवलेली माणसं लांबूनही ओळखू येतात. कडा स्वच्छ असतात, तरी ओळखू येतात. कारण बघणारा कडा बघतच नाही. या माणसावरचा उजेड त्या जागेचा नाही, तो उभा आहे ती जमीन त्या दरीची नाही, त्याच्या आणि डोंगराच्या मधली हवा कुठेतरी गायब आहे, हे त्याच्या डोळ्याला नेमकं कळतं. काय चुकलंय ते त्याला शब्दांत सांगता येत नाही, एवढंच. म्हणून माझं म्हणणं असं, की फोटो खरा वाटणार की नाही याचा निकाल सॉफ्टवेअर उघडण्याआधीच लागलेला असतो. कोणता माणूस कोणत्या जागेत उभा करायचा, ही निवड चुकली तर पुढची सगळी मेहनत रंगरंगोटी ठरते.

आधी फोटो वाचा

सुरुवात गिऱ्हाइकाकडून मूळ फाइल मागण्यापासून. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो, त्याचा बारीक तपशील जातो आणि केसांभोवती चौकोनी ठिपके उठतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर जसाच्या तसा येतो. हे एक वाक्य नीट समजावून सांगितलं, तर अर्धी डोकेदुखी वाचते.

फाइल आली की लगेच कापायला बसू नका. मोठी करून नुसती बघा. नाकाची सावली कुठे पडलीय? हनुवटीखाली काळोख आहे की तिथेही उजेड पोचलाय? डोळ्यांच्या बुबुळात पांढरा ठिपका कुठे आणि कोणत्या आकाराचा आहे? गोल छोटा ठिपका असेल तर फ्लॅश, चौकोनी असेल तर खिडकी किंवा सॉफ्टबॉक्स, आणि वरचं अर्धं बुबुळच पांढुरकं असेल तर ढगाळ आभाळ. साडीच्या निऱ्यांकडे बघा. निऱ्यांच्या एका बाजूला गडद पट्टा आणि दुसऱ्या बाजूला चकाकी असेल, तर उजेड कडक आणि एका अंगाने आलेला आहे. सगळ्या निऱ्या सारख्याच मऊ दिसत असतील, तर तो सगळीकडून झिरपलेला आहे.

मग मागच्या फोटोला हेच प्रश्न विचारा. दोन्हींची उत्तरं जुळली तरच लग्न लावा. धुक्यात उभ्या असलेल्या जोडप्यामागे डिसेंबरातली लख्ख उन्हातली राजमाची ठेवली, तर किल्ल्यावर ऊन आणि माणसांवर ढग अशी स्थिती होते. शिवाय सह्याद्रीचे उतार पावसाळ्यात हिरवे असतात आणि दिवाळीनंतर हळूहळू पिवळे पडतात. पावसाने भिजलेले केस आणि मागे वाळलेलं गवत, ही चूक शहरातल्या माणसाच्या लक्षात येणार नाही कदाचित, पण मावळातल्या माणसाच्या नक्की येते.

यावर उपाय एकच. आपला साठा आपण करायचा. पावसाळ्यात धुकं मधूनमधून फाटतं आणि किल्ला काही क्षण दिसतो. अशा दिवशी ट्रायपॉड घेऊन जा आणि त्या फटींत फोटो काढून ठेवा. कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची, लेन्स, वेळ आणि महिना लिहून ठेवा. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नमुन्याचा माणूस. सोबतच्या मित्राला कठड्याशी उभं करून एक फोटो काढा आणि तो बाजूला झाल्यावर, कॅमेरा न हलवता, दुसरा काढा. दुसरा फोटो कामाला येतो, पण पहिला तुमचा गुरू आहे. त्या जागी माणूस केवढा दिसतो, त्याच्या पायाखाली सावली किती गडद पडते, त्याच्या काळ्या पँटचा काळा रंग नेमका किती काळा दिसतो, ही सगळी उत्तरं त्यात तयार असतात. अंदाज करायची गरजच उरत नाही.

या भागाला ही विद्या नवी नाही. राजा रविवर्म्यांचा चित्रं छापणारा लिथो छापखाना मुंबईहून हलवून मळवलीला आणला गेला होता, खंडाळ्याहून लोणावळ्याच्या पलीकडे, कार्ल्याच्या लेण्यांजवळ. त्या छापखान्यासाठी फोटोवरून दगडावर चित्र उतरवण्याचं काम धुंडिराज गोविंद फाळके यांनी केलं, आणि १९०८ मध्ये त्यांनी लोणावळ्यातच स्वतःचं एन्ग्रेव्हिंग आणि छपाईचं दुकान काढलं. ते पुढे दादरला गेलं. हेच दादासाहेब फाळके. ते जादूचे प्रयोगही करत, आणि त्यासाठी आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' झाले होते. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला, १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये हनुमान आकाशातून उडाला. त्याच चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. त्या काळात दोन दृश्यं एकत्र करायची म्हणजे बहुधा तीच फिल्म पुन्हा कॅमेऱ्यातून चालवायची. कॅमेरा जरा जरी हलला, उजेड जरा जरी बदलला, की सगळी फिल्म वाया. 'अनडू' नव्हतं. त्यामुळे माणूस कुठे उभा राहणार, उजेड कुठून येणार, मागे काय असणार, हे सगळं आधी ठरवावंच लागायचं. आपल्याकडे अनडू आहे म्हणून आपण आधी ठरवत नाही, आणि मग रात्री दोनपर्यंत कर्व्हज ओढत बसतो.

सूर्य उत्तरेला मावळत नाही

फोटोशॉपमध्ये २०२० पासून आकाश बदलण्याची सोय आली. एका क्लिकवर करड्या ढगांच्या जागी केशरी सूर्यास्त येतो. तेव्हापासून राजमाचीच्या नेमका मागे सूर्य बुडताना दाखवणारे फोटो मी इतके पाहिलेत, की एखाद्याला वाटावं खंडाळ्यात सूर्य उत्तरेला मावळतो. राजमाची खंडाळ्याच्या उत्तरेला आहे. जूनमध्ये सूर्य जास्तीत जास्त उत्तरेकडे सरकून मावळतो, तेव्हाही तो आपल्याकडे ठीक पश्चिमेपासून सुमारे पंचवीस अंशच उत्तरेला असतो. किल्ल्याकडे तोंड करून उभं राहिलात तर तो तुमच्या डाव्या हाताला, बराच बाजूला. चोवीस मिलिमीटरच्या रुंद लेन्सने फोटो काढलात तरी चौकटीत येत नाही. डिसेंबरात तर तो डाव्या खांद्यामागे मावळतो. म्हणजे राजमाची मागे असलेल्या फोटोत संध्याकाळचं ऊन हवं असेल, तर ते डावीकडून येऊन चेहऱ्याची एक बाजू उजळणारं असलं पाहिजे. मागून येऊन केसांना सोनेरी कड देणारं ऊन त्या चौकटीत बसत नाही. ते हवंच असेल तर जोडप्याला पश्चिमेकडच्या कोकणच्या बाजूला तोंड असलेल्या एखाद्या पॉइंटवर न्या आणि मागे तिथलाच देखावा ठेवा.

दुपारच्या उन्हाचाही हिशेब आहे. खंडाळा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखेपासून बराच पश्चिमेला असल्याने सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या पुढेमागे. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्या सुमाराला उभ्या माणसाची सावली पायाखालीच राहते. उलट डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो आणि सावली माणसाच्या उंचीच्या जवळपास नव्वद टक्के लांब पडते, उत्तरेकडे. तेव्हा डिसेंबरच्या दुपारच्या फोटोत तुम्ही जोडप्याच्या पायाशी छोटंसं वर्तुळ काढलंत, तर शेजारच्या कठड्याची लांब सावली तुमची चहाडी करते. सावली कुठे आणि किती, हे कधीही मनाने ठरवू नका. फोटोत आधीपासून असलेल्या खांबाची, दगडाची सावली मोजा आणि त्याच कोनात, त्याच प्रमाणात माणसाची टाका.

डोळ्याची रेघ

माणूस हवेत तरंगतोय किंवा जमिनीत रुतलाय असं वाटण्याचं कारण बहुतेक वेळा सावली नसतं, उंची असते. कॅमेरा जमिनीपासून जेवढ्या उंचीवर असेल, त्या उंचीची आडवी रेघ म्हणजे त्या फोटोचं क्षितिज. सपाट जमिनीवर उभ्या प्रत्येक माणसाला ती रेघ जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर कापते, मग तो जवळ असो की लांब. कॅमेरा साडेचार फुटांवर असेल, तर पाच फूट आठ इंच उंचीच्या मुलाच्या खांद्याच्या जरा खालून आणि पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीच्या हनुवटीजवळून ती जाणार. जोडप्याच्या फोटोत ही रेघ एका जागी आणि मागच्या फोटोत दुसऱ्या जागी असेल, तर पाय कितीही नीट टेकवा, डोळा मानणार नाही.

समुद्रकिनारी क्षितिज समोर दिसतं. घाटात दिसत नाही, डोंगर आडवे येतात. तिथे कठड्याच्या वरच्या आणि खालच्या कडा किंवा फरशीच्या सांध्यांच्या रेघा दोन्ही बाजूंनी लांबवा. सपाटीवरच्या समांतर रेघा जिथे भेटतात, ती उंची तुमची. मात्र घाटरस्त्याच्या कडा यासाठी घेऊ नका. रस्ता चढाउताराचा असल्याने त्या रेघा भलत्याच उंचीवर भेटतात आणि तुम्हाला फसवतात.

लेन्सबद्दल थोडक्यात. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने चार-पाच फुटांवरून काढलेल्या फोटोत जवळचा हात मोठा आणि पाय छोटे दिसतात. लांबून झूम करून काढलेल्या किल्ल्यापुढे अशी माणसं उभी केली, तर ती दुसऱ्याच जगातली वाटतात. जोडप्याचा फोटो काढतानाच दहा-बारा फूट मागे सरका आणि दुप्पट-तिप्पट झूम घ्या. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो केसांची कडा स्वतःच्या अकलेने धूसर करतो आणि ती नंतर बहुधा नीट परत येत नाही.

मधली हवा

आता खंडाळ्याचा खरा विषय. इथला पावसाळी फोटो म्हणजे नव्वद टक्के हवेचा फोटो. ती हवा तुम्हाला रंगवता आली, तर बाकीचे दोष बरेचसे पोटात जातात. नाही आली, तर बाकीचं सगळं जुळूनही फोटो फसतो.

दूरची वस्तू फिकट दिसते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती नेमकी कशी फिकट होते ते बघायला आयड्रॉपर घ्या आणि कठड्याजवळच्या झुडपातला सर्वांत काळा कोपरा निवडा. शून्य ते दोनशे पंचावन्नच्या मोजपट्टीवर तो समजा वीसच्या आसपास येईल. आता दरीच्या पलीकडच्या डोंगराचा सर्वांत काळा भाग निवडा. तो शंभरच्या पुढे असेल. म्हणजे हवा पांढऱ्याला फारसं बदलत नाही, काळ्याला वर उचलते. म्हणून दूरच्या किल्ल्यावर नुसतं पांढरं ब्रश फिरवून धुकं होत नाही. लेव्हल्समध्ये खालच्या पट्टीवरची काळी खूण उजवीकडे ओढा, म्हणजे काळ्याचा तळच वर येतो. मग तो तळ धुक्याच्या रंगाकडे थोडा झुकवा. धुक्याचा रंगही पांढरा समजू नका. ढगाळ दुपारी तो निळसर करडा असतो, घाटातल्या दिव्यांच्या आसपास संध्याकाळी पिवळट. फोटोतूनच उचला.

अंतराप्रमाणे हे तीन-चार टप्प्यांत करावं लागतं. कठड्याजवळचं झुडूप, दरीचा अलीकडचा काठ, मधली सोंड, शेवटी किल्ला. प्रत्येकाचा काळा आधीच्यापेक्षा वर. जोडपं कठड्याच्या अलीकडे असल्याने त्यांचा काळा जवळजवळ झुडपाइतकाच हवा. इथे अनेकजण गडबड करतात. सगळ्या फोटोवर एकच धुक्याचा थर टाकतात आणि मुलाचं काळं जॅकेट किल्ल्याइतकंच फिकट करून ठेवतात.

दाट धुक्यात उजेड चहूबाजूंनी येतो. म्हणून लांबट सावली नसते, पण पायाखालची सावली असतेच आणि तीच माणसाला जमिनीवर टेकवते. ती दोन थरांत करा. तळव्याला लागून, बोटभर रुंदीची, बरीच गडद एक आणि तिच्याभोवती पसरट, अगदी हलकी दुसरी. दोन्ही मल्टिप्लायवर, आणि रंग निखळ काळा नको. ओल्या दगडाच्या खाचेतला गडद रंग उचलून तो वापरा. जमीन ओली असेल, तर पायांचं प्रतिबिंब हवंच. माणसाची उलटी प्रत पायाशी जोडा, उभ्या दिशेने धूसर करा, गडद करा आणि जिथे फरशी कोरडी किंवा खडबडीत आहे तिथे मास्कने पुसा. गुडघ्याच्या वर प्रतिबिंब दिसायची क्वचितच गरज पडते.

स्टुडिओत मागून केसांवर दिवा मारून काढलेला फोटो धुक्यात ठेवू नका. ती चमकदार कड धुक्यात कुठून आली, याला उत्तर नसतं. स्टुडिओतल्या पिवळ्या बल्बचा उजेड ३२०० केल्व्हिनच्या आसपास आणि ढगाळ आभाळाचा ६५०० च्या आसपास, म्हणजे पांढऱ्या शर्टाचा पांढरा रंगसुद्धा जुळत नाही. तो आधी पांढरा करून घ्या, मग त्यात जागेची निळसर छटा घाला.

पुढे येणारे धुक्याचे लोट घालायचे असतील, तर खऱ्या धुक्याचा फोटो वापरा आणि क्लोन स्टॅम्पचा मोह टाळा. २००६ मध्ये बैरूतवरच्या बॉम्बहल्ल्याच्या एका फोटोत धुराचे लोट असेच क्लोन करून वाढवले होते. सारख्याच आकाराचे गोळे एकाखाली एक दिसले आणि वाचकांनी ते पकडले. रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले आणि त्याचे सगळे फोटो संग्रहातून काढून टाकले. बातमीच्या फोटोत असं काही करणं हाच गुन्हा होता हे खरंच, पण कसबाच्या अंगानेही ते काम कच्चं होतं. निसर्गात दोन लोट सारखे नसतात.

आणि किल्ला पूर्ण दाखवू नका. मनरंजनचा पायथा धुक्यात बुडवा, श्रीवर्धनचं टोक तेवढं बाहेर राहू द्या. गिऱ्हाईक म्हणेल, "जरा ठळक करा." थोडं करा. फार केलंत, तर तेच गिऱ्हाईक आठवड्याने येऊन म्हणतं, काहीतरी खोटं वाटतंय.

कडा, थोडक्यात

कडांविषयी फार लिहिण्यासारखं नाही, तरी दोनचार गोष्टी. इरेजर वापरू नका, मास्क वापरा, म्हणजे मागे फिरता येतं. कडा किती मऊ हव्यात हे जोडप्याच्याच फोटोतल्या फोकसमधल्या बटणाची कडा बघून ठरवा. बहुतेक वेळा एखाद-दोन पिक्सेल पुरतात, पाच पिक्सेलचा फेदर दिला की माणूस कापसात गुंडाळल्यासारखा दिसतो. जाळीदार ओढणी किंवा केसांच्या बटांमधून मागचा रंग दिसायला हवा, तिथे मास्क करडा ठेवा. मूळ फोटो झाडीसमोर काढलेला असेल, तर केसांच्या कडेला हिरवी झाक राहते. फक्त त्या कडेचा हिरवा काढून टाका. आणि शेवटी मागच्या धुक्याची धूसर प्रत घेऊन ती जोडप्याच्या कडेवर अगदी हलकेच, स्क्रीन मोडमध्ये आत सरकू द्या. धुकं माणसाला थोडं कवेत घेतं, तो भास यातून येतो.

आजी-आजोबांचा एकत्र फोटो

प्री-वेडिंगपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे काम. आजोबा गेले, आजी त्याआधीच गेल्या, आणि दोघांचा मिळून एकही फोटो नाही. नातू दोन फोटो घेऊन येतो, एक लग्नाच्या पंगतीतला, एक आधार कार्डावरचा. ते दोघं भिंतीवर शेजारी हवेत.

इथे उजेड जुळवण्यासाठी एक फोटो आडवा उलटवण्याचा मोह हमखास होतो. उलटवलात की पदर उजव्या खांद्यावर जातो, नथ डाव्या नाकपुडीतून उजव्या नाकपुडीत जाते, आजोबांच्या सदऱ्याची बटणं बायकी होतात आणि घड्याळ दुसऱ्या मनगटावर. गालावरचा तीळही बाजू बदलतो. सूनबाई ते पहिल्या नजरेत ओळखते आणि म्हणते, "या सासूबाईंसारख्या दिसत नाहीयेत." उलटवूच नका. उजेडाची बाजू बदलायची असेल तर चेहऱ्यावर डॉज आणि बर्नने हळूहळू बदला, किंवा दोघांनाही सपाट मऊ उजेडात आणा.

एक फोटो जुन्या प्रिंटचा स्कॅन आणि दुसरा मोबाइलचा असेल, तर धूसर फोटो कृत्रिमपणे तीक्ष्ण करायच्या मागे लागू नका. चांगल्याला थोडं वाईट करा. मोबाइलच्या फोटोवर हलका ब्लर, मग दोघांवर सारखाच नॉइज आणि दोन्ही आधी कृष्णधवल करून एकाच छटेत आणा. चेहरा सुधारणाऱ्या एआय ॲपपासून इथे विशेष सावध राहा. ती ॲप सुरकुत्या काढून जे देतात ते आजोबा नसतात, आजोबांच्या वयाचा दुसराच कुणीतरी गृहस्थ असतो. तेच डोंगरांचं. २०२३ पासून फोटोशॉपलाच शब्दांवरून चित्र भरता येतं. मागे सह्याद्री भर म्हटलं की ते डोंगर भरतं, पण त्याला कडे-कपारींचे काळे थर आणि माथ्याची सपाटी माहीत नसते. कुठलेतरी टोकदार, परदेशी डोंगर येतात. कठड्याचा तुटका कोपरा भरायला, फ्रेम थोडी वाढवायला ते उत्तम. किल्ला मात्र खराच वापरा.

जाता जाता धंद्याच्या दोन मर्यादा. धबधब्याच्या प्रवाहात किंवा कड्याच्या टोकावर बसवलेलं जोडपं मी करून देत नाही. जून २०२४ मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. असा फोटो पाहून तिथे जाऊन बसणारे असतात. दुसरी मर्यादा बंगल्यांच्या जाहिरातींची. खिडकीतून दरी दिसत नसताना तिथे दरी टाकून द्या म्हणणारे येतात. लग्नाच्या अल्बममधला किल्ला कुणाला फसवत नाही. तो कसा आला ते जोडप्यालाच माहीत असतं. बंगला घेणाऱ्याला ते माहीत नसतं.

छापण्याआधी

काम संपलं असं वाटलं की फोटो आडवा उलटवून बघा. फक्त बघण्यासाठी. तासभर बघून सवयीच्या झालेल्या चुका लगेच वर येतात. वर एक ब्लॅक अँड व्हाइटचा थर टाका. माणसं मागच्यापेक्षा उगाच उजळ किंवा गडद असतील तर रंगांशिवाय ते उघडं पडतं. मग तो काढून सॅच्युरेशन मुद्दाम पार टोकाला न्या. एकाच्या चेहऱ्यावर नारिंगी आणि दुसऱ्याच्या हातावर जांभळा उसळला, तर छटा अजून जुळलेल्या नाहीत. शेवटी फोटो अंगठ्याएवढा करून बघा, कारण बहुतेक लोक तो मोबाइलवर तेवढाच बघणार आहेत. आणि शक्य असेल तर रात्रीचं काम सकाळी पुन्हा उघडा.

धुक्याच्या फोटोची एक खास अडचण छपाईत निघते. फिकट करड्याच्या हळूहळू बदलत जाणाऱ्या छटेत पट्टे उठतात. म्हणून फाइल सोळा बिटमध्ये ठेवून काम करा आणि शेवटी संपूर्ण फोटोवर अगदी बारीक नॉइज टाका, तो पट्टे मोडतो आणि दोन्ही फोटोंचा पोतही एक करतो. लॅबला देताना एसआरजीबी, आठ बिट, कमीत कमी दाबलेली जेपेग. स्क्रीन फार उजळ ठेवून काम करायची सवय असेल, तर प्रिंट काळपट येणार. म्हणून मोठ्या प्रिंटआधी लॅबमधून एक छोटा नमुना काढून आणा.

पीएसडी फाइल थरांसकट जपून ठेवा, थरांना नावं देऊन. लग्न झाल्यावर सहा महिन्यांनी तीच मंडळी परत येतात आणि विचारतात, "दादा, त्या किल्ल्याच्या फोटोत आईला पण उभं करता येईल का? मध्ये नको, जरा बाजूला."